नाकवाल्या गाडीचा टेकू

कडूबाईनं कासऱ्याचे दोन वेढे उजव्या मनगटाला घेतले, टाच जमिनीत पुरलेल्या दगडाला लावली आणि अंग मागं टाकलं. समोर गाडीचं अख्खं नाक पुढं कललं होतं. बॉनेट, दोन्ही मडगार्डं, मधली जाळी, सगळा पत्रा एकाच बिजागरीवर. त्या पत्र्याच्या पलीकडं, इंजिनात डोकं घालून तिचा नवरा बलभीम उभा होता. तो काही दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता.

"सैल पडलाय. ताण की."

तिनं ताणला.

"आता अशीच ऱ्हा. हलू नको. माझं डोकं आत हाय."

डोकं आत आहे हे सांगायची काही गरज नव्हती. पंचवीस वर्षांत हे वाक्य म्हटल्याशिवाय बलभीमनं या गाडीचा एक नट सैल केला नव्हता. देवाला हात जोडायचा विसरेल, पण बायकोला हे ऐकवायचा नाही.

चैत्रातलं ऊन नऊ वाजताच डोक्यात शिरत होतं. अणदूरच्या फाट्याजवळ, हायवेच्या कडेला त्यांचं घर, घरापुढं आवार आणि आवाराच्या मधोमध ही जुनी नाकवाली ट्रक. घराच्या दाराशी खुंटीला पिशवी तयार लटकत होती. तिच्यात दोन लुगडी आणि शेंगाच्या चटणीची बरणी. अकराची एसटी मिळाली, तर धाराशिवात भूमची गाडी मिळणार होती आणि दिवस मावळायच्या आत ती ईटला, माहेरी पोचणार होती. अकराची चुकली की आजचा दिवस गेला. आणि आजचा दिवस गेला, तर पुढं काय, हे तिला मनातसुद्धा म्हणायचं नव्हतं.

सकाळी सातला हरणाबाईचा, तिच्या भावजयीचा फोन आला होता.

"वन्सं, उद्या सकाळी सहाला ह्यांना बार्शीला न्यायचंय. डाक्टर म्हणले, छातीचं आपरेशन, लई मोठं हाय. वाचले तर नशीब म्हणा. सारखं एकच इचारायलेत, कडू आली का, कडू आली का. दुपारच्याला निघा बगा."

"निगते," कडूबाई म्हणाली होती.

निघते म्हणणं सोपं होतं. तिनं बलभीमला सांगितलं, म्हणजे चुलीकडं तोंड करून भिंतीला सांगितलं. या घरात अशीच रीत होती.

"ईटला जायचंय. गोरोबाचं उद्या आपरेशन हाय."

बलभीमनं बशीतला चहा फुर्रकन ओढला.

"जा की. तुला कोण अडीवलंय?"

एवढं बोलून तो उठला, पान्ह्यांची पेटी उचलली आणि गाडीचं नाक उघडलं. नळदुर्गचा कुणी मंगल कार्यालयवाला गाडी बघायला यायचा होता. हल्ली नवरदेवाला घोडा जुना वाटतो आणि पन्नास वर्षांची ट्रक नवी वाटते. वरातीला गाडी ठरायची तर ती चालू व्हायला पाहिजे आणि चालू व्हायची तर पंप खोलायला पाहिजे. पंप खोलायचा म्हणजे कडूबाईनं कासरा धरायलाच पाहिजे.

"नवाला सुरू करतो, धाला सोडतो," तो म्हणाला होता.

हे "धाला सोडतो" कडूबाईनं जन्मभर ऐकलं होतं.

तिला बलभीम आवडत नव्हता. यात झाकून ठेवण्यासारखं काही नाही. त्याचा चहा ओढायचा आवाज आवडत नव्हता, त्याच्या चपला दारात आडव्या पडलेल्या बघवत नव्हत्या आणि बाहेरच्या माणसाशी बोलताना त्याच्या तोंडावर जे गोड हसू यायचं, ते तर बघितलं की तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. त्यालाही ती नको होती. दोघं एका छपराखाली राहत होती, एका चुलीवरचं खात होती आणि एकमेकांशी बोलायची ती फक्त गाडीचं नाक मध्ये असताना.

त्याचं मूळ कशात होतं, म्हणाल तर एका शब्दात. लेकीच्या, अर्पिताच्या बारशाला ईटहून सगळे आले होते. पंगतीत कुणीतरी कडूबाईच्या भावाला, गोरोबाला विचारलं, पाव्हणे काय करतात? गोरोबा शेतकरी गडी, तोंडाचा फाटका. तो म्हणाला, "काय करणार, डायव्हर हायती. आमची कडू पडली एका डायव्हरच्या गळ्यात." लोक हसले. बलभीमनं ताटातच हात धुतला आणि उठून गाडीत जाऊन बसला. त्या दिवसापासून ईटचं नाव निघालं की गाडीचं काही ना काही बिघडायचं. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, कडूबाईचं माहेरचं बोलावणं आणि गाडीचं दुखणं एकाच पावलानं येतं.

पण कासरा धरणं हे काही थोतांड नव्हतं, हे तिनं स्वतःच्या डोळ्यानं बघितलं होतं. ह्या गाडीचं नाक पुढं कलतं, पण बंपर आड येतो, म्हणून पुरतं पालथं पडत नाही. अर्ध्यातच थांबतं आणि सगळा भार परत मागं, इंजिनावर यायला बघतो. मूळचा लोखंडी टेकू गाडी घेतली तेव्हाच मोडका होता. तेव्हा कासरा समोरच्या बाभळीला बांधायचे. एक दिवस वावटळ आली, गाठ सुटली आणि आत हात घालून उभा असलेल्या बिभीषणावर नाक आदळलं. बिभीषण त्यांच्या गाडीवर किन्नर, म्हणजे क्लीनर होता. त्याचा हात कोपरापासून असा वळला, की बघणाऱ्याला भोवळ आली. तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही.

"झाडाला काय कळतंय?" बलभीम तेव्हा म्हणाला होता. "धरायला माणूसच पायजे."

माणूस म्हणजे कडूबाई. दुसरं होतं कोण?

तेव्हापासून ती या दगडाला टाच लावून उभी होती. पोटात कळ आली तरी सोडला नाही, पायावरून विंचू गेला तरी सोडला नाही. अर्पिता दुसरीत असताना ओट्यावरून पडली, कपाळातून भळाभळा रक्त यायला लागलं, पोर आई आई करून ओरडत होती आणि कडूबाई इथं उभी राहून "आले गं, आले गं" म्हणत होती. बलभीम बाहेर निघेपर्यंत तिनं कासरा सोडला नाही. नवरा नावडता असला म्हणून काय झालं? आत जितं माणूस होतं. मनात यायचं कधी कधी, नाही असं नाही. यायचं, की आत्ता हात ढिला केला तर एका क्षणात सगळं संपेल. आणि तसं मनात आलं, की ती उलट आणखी एक वेढा घ्यायची, स्वतःचीच भीती वाटून.

आणि वीस वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हासुद्धा ती इथंच उभी होती.

तेव्हा निरोप शेजारच्या दुकानातल्या फोनवर आला होता. म्हातारीचं काही खरं नाही, लवकर ये. तिनं असंच गाठोडं बांधलं होतं आणि बलभीमनं असंच गाडीचं नाक उघडलं होतं. तासाचं काम म्हणाला आणि दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी ती ईटला पोचली तेव्हा राख सावडायची तयारी चालली होती. गोरोबा सगळ्यांदेखत म्हणाला, "आय मरायली अन् तू बॉनेट धरून हुबी व्हतीस व्हय?" आणि ती, मूर्ख, नवऱ्याच्या बाजूनं बोलली होती. "माणूस आत व्हता रे गोरोबा. सोडून कशी यिऊ?" त्यावर दोन वर्षं भाऊ तिच्याशी बोलला नाही. पुढं बोलायला लागला, राखी बांधून घ्यायला लागला, पण त्या दिवसाचा विषय आला की तो उठून गोठ्यात जायचा.

"किती वाजले?" तिनं विचारलं.

"तुला कशाला पायजेत?" पत्र्यापलीकडून उत्तर आलं.

"धाला सोडतो म्हणला व्हता."

"पंपाला घड्याळ कळतंय व्हय? तोंड कमी चालीव अन् हात घट धर."

तेवढ्यात आवारात मोटारसायकल आली. नंदीश, नळदुर्गचा मंगल कार्यालयवाला. पस्तिशीचा, डोळ्यांवर काळा चष्मा, खिशात मोबाइल. उतरल्या उतरल्या त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मोठ्यानं म्हणाला, "अरारारा! काय गाडी हाय, काका!"

बलभीमचा आवाज लगेच बदलला. तेच ते गोड हसू आता आवाजात उतरलं.

"या या सायेब. जरा पंपाचं बघायलोय. धा मिनिटात चालू करून दावतो. बसा की. अगं ए, पाणी दे सायबांना."

कडूबाई कासरा धरून उभी होती. पाणी कुठल्या हातानं देणार, हे त्यानं सांगितलं नाही.

"राहू द्या, राहू द्या," नंदीश म्हणाला. त्याचं लक्ष तिच्याकडं गेलं, मनगटावरच्या वेढ्यांकडं गेलं. जरा घोटाळल्यासारखा तो तिच्याकडं बघत राहिला, मग पत्र्याला वळसा घालून पलीकडं गेला. तिकडून त्याचा आवाज आला.

"काका, हे कुणी करून दिलं हो? लई भारी काम हाय. पायपात पायप सरकवून वर पिन. अन् दोन्ही बाजूला! असलं तर कंपनीच्या गाडीला बी नसतंय. हत्ती बसला तरी खाली यायचं न्हाय."

आतून पान्ह्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"मग काकू कशाला कासरा धरून उभ्या हायत? एवढ्या उन्हात?"

पान्हा वाजायचा थांबला.

"असू द्या," बलभीम म्हणाला. "सवय हाय तिला."

कडूबाईनं ते ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला, पण पहिल्यांदा त्याचा अर्थ काही तिच्या डोक्यात शिरला नाही. ती तशीच मागं रेलून उभी राहिली. मग तिनं मनगटाचा एक वेढा सोडला. थांबली. दुसरा सोडला. कासरा बोटांत होता, नुसता लोंबत. समोरचा पत्रा जागचा हलला नाही. तिला वाटलं, आपण काहीतरी मोठा गुन्हा करतोय. तिनं बोटं उघडली. कासरा धुळीत पडला.

नाक होतं तिथंच होतं.

ती गाडीला वळसा घालून पलीकडं गेली. नाक उघडं असताना या बाजूला ती आजवर कधी आली नव्हती. कशी येणार? जिनं कासरा धरलाय, तिला एवढीच एक बाजू बघता येत नव्हती. इंजिनाच्या दोन्ही अंगांना मनगटाएवढे जाड दोन पाइप उभे होते, वर पत्र्याला जोडलेले, खाली चासीला. मध्ये वरून खाली तिरकी, आरपार पिन. पिनेवर ग्रीसचा थर, त्या थरावर धुळीचा थर, त्यावर पुन्हा ग्रीस. पाइपाचा रंग घासून घासून गेला होता आणि लोखंड आरशासारखं चकाकत होतं.

नंदीशनं चष्मा काढला. आपण काहीतरी नको ते बोललो, एवढं त्याला कळलं होतं. काय, ते कळलं नव्हतं.

"हे कवा केलं?" कडूबाईनं विचारलं.

"काय?" बलभीमनं मान वर केली नाही.

"ह्यो टेकू."

"झाली असतील की वर्षं. सोलापुरात करून घेतला व्हता."

"किती वर्षं?"

"मला काय तारखा पाठ हायत व्हय? सरक तिकडं, उजेड आडवायलीस."

ती सरकली नाही. तारखा त्याला पाठ नसतील, तिला होत्या. सोलापूरला गाडी आठ दिवस होती तो जून तिला नीट आठवत होता. त्याच जूनमध्ये अर्पिताला पहिलीत घातलं होतं, पोरीला नवं दप्तर नाही म्हणून ती रडली होती, बाप सोलापूरला होता. तो परत आला, पहिल्यांदा नाक उघडलं आणि कासरा हिसके द्यायचा थांबला. त्याआधी वाऱ्याची जराशी झुळूक आली तरी खांद्यातून कळ जायची. त्या दिवशी कासरा गायीसारखा गरीब झाला. तिला वाटलं होतं, आता आपला हात बसला. पाणवठ्यावर बायकांना तिनं ऐटीत सांगितलंही होतं, "आता काय न्हाय, हात बसला माझा. नुसतं हुबं ऱ्हायचं."

नुसतं उभंच तर राहत होती. आजवर खांदे भरून यायचे ते तिच्याच ओढण्यानं.

"अर्पिता पयलीला व्हती," ती म्हणाली.

बलभीम फडक्यानं पान्हा पुसायला लागला. पान्हा आधीच स्वच्छ होता.

"कपाळ फुटलं तवा दुसरीला व्हती." तिचा आवाज चढला नव्हता. "आन् आय गेली तवा चौथीला."

"मंग?"

"मंग काय म्हंजी?"

"दोन टेकू असले तर कुणाचं काय बिघडलं? लोखंडाचा काय भरवसा? माझं डोकं आत आसतंय. जिवाचा खेळ हाय ह्यो, गंमत न्हाय."

"मंग मला सांगायचं व्हतं."

आता त्यानं मान वर केली. तोंडावरचं गोड हसू कधीच गेलं होतं. नंदीश तिथं उभा आहे, हेसुद्धा तो विसरला असावा.

"सांगितलं आसतं तर थांबली आसतीस व्हय?"

त्यानं हातातलं फडकं इंजिनावर आपटलं.

"थांबली आसतीस? ईटला जाऊन बसली आसतीस, त्या गोरोबाच्या मांडीला मांडी लावून. मला डायव्हर म्हणतोय, भरल्या पंगतीत! त्याच्या दारात नाचायला सोडू व्हय तुला? न्हाय सोडली. काय म्हणणं हाय?"

बोलून झालं आणि त्याचं त्यालाच बरं वाटलं, असं दिसलं. बरीच वर्षं तुंबलेलं मोकळं झाल्यासारखा त्यानं श्वास सोडला, पान्हा पुन्हा पंपाच्या नटाला लावला आणि डोकं आत घातलं.

"जा, धर तिकडं जाऊन," तो आतून म्हणाला. "धाच मिनिटं ऱ्हायलेत. उगं पाव्हण्यादेखत तमाशा नको."

कडूबाईच्या अंगात आग उठली. तिला आईचा चेहरा आठवायचा होता आणि आठवेना. वीस वर्षं तिनं तो चेहरा असाच शोधला होता, शेवटचा, डोळे मिटलेला, तोंडात तुळशीचं पान घातलेला, जो तिनं बघितलाच नव्हता. तो बघायला मिळाला असता. दुपारची गाडी धरली असती, तर रात्री ती आईच्या उशाला बसली असती. नियतीनं नाही, पंपानं नाही, ह्या समोर वाकलेल्या माणसानं तो हिरावून घेतला होता. आणि त्याच्यासाठी ती भावाशी भांडली होती. माणूस आत व्हता रे गोरोबा.

बलभीमची मान इंजिनावर वाकलेली होती. पांढऱ्या केसांखाली मानेची वळी दिसत होती, घामानं ओली. त्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर तो सगळा पत्रा टांगलेला होता.

तिनं हात पुढं केला आणि पिन धरली.

पिन घट्ट असेल, असं तिला वाटलं होतं. ती घट्ट नव्हती. ग्रीसमधून ती सहज सरकली, बोटभर वर आली. वरचा पत्रा करकरला.

"काकू," नंदीश दबक्या आवाजात म्हणाला. त्याचा एक हात वरच्या पत्र्याकडं गेला होता.

कडूबाईनं त्याच्याकडं बघितलं. पिन तिच्या चिमटीत होती. बलभीमला आतून काही कळलं नव्हतं, तो नटाशी झटत होता आणि नटाच्या आईबहिणीचा उद्धार करत होता. हायवेवरून ऊस रिकामा करून चाललेले दोन ट्रॅक्टर खडखडत गेले, जमीन थरथरली आणि चिमटीतली पिन आणखी जराशी हलली.

"ही आशी वर येतीय," ती नंदीशला म्हणाली. "गाडी हादरली तर आपोआप निसटंल का?"

नंदीशनं गुडघ्यावर बसून पिनेचं खालचं टोक बघितलं.

"निसटू शकतीय, काकू. खालनं तिला क्लिप पायजे. आडवी. ती... ती न्हाईच इथं."

"दुसऱ्या बाजूला हाय का?"

तो वाकून बघून आला.

"तिकडं बी न्हाय."

कडूबाईनं अंगठ्यानं पिन खाली दाबली, पार बसेपर्यंत दाबली. मग ती पेटीपाशी गेली, पक्कड काढली आणि कुंपणाला बांधायच्या तारेचं भेंडोळं घेऊन आली. हातभर तार तोडली. पिनेच्या खालच्या टोकाला भोक होतं, त्यातून तार ओवली, पाइपाभोवती वेढा दिला, पक्कडीनं पिळला. दुसरा वेढा. तिसरा. हलवून बघितलं. मग चौथा घेतला आणि टोक आत वळवलं, कुणाच्या हाताला लागायला नको म्हणून.

"काय करायलीस तिथं?" बलभीमनं विचारलं. मान वाकडी करून त्यानं बघितलं आणि मग त्याच्या तोंडावर ते हसू परत आलं. नंदीशकडं बघून त्यानं डोळा मिचकावला.

"बघा, सायेब. बायकांची जात आशी आसती. तोंडानं किती बी आग पाखडू द्या, जीव तुटतोच नवऱ्यासाठी."

नंदीश हसला नाही. कडूबाई दुसऱ्या बाजूला गेली, तिथली पिन दाबली, तिलाही चार वेढे घातले. पाइपाला खांदा लावून एकदा सगळ्या अंगानं रेटा दिला. पत्रा हलला नाही. पक्कड तिनं पेटीत जागेवर ठेवली, हाताचं ग्रीस मातीनं चोळून काढलं, रांजणाच्या पाण्यानं धुतलं आणि खुंटीची पिशवी घेतली.

"पावणेअकरा झालेत," ती नंदीशला म्हणाली. "फाट्यापतुर सोडता का, दादा?"

"सोडतो की, काकू. चला."

"ए, ए, सायेब, गाडी बघायची ऱ्हायली की!" बलभीम बाहेर निघाला. हात काळे, चेहरा घामानं निथळत होता. "आन् तू कुठं निगालीस? परवाच्याला ये. परवा सायबांच्या वरातीला जायचं म्हणल्यावर बिरेक बघायला लागंल, नाक उघडायला लागंल."

कडूबाईनं पदर डोक्यावरून घेतला.

"जीव न्हाय तुटला तुमच्यासाठी," ती म्हणाली. "हे आंगावर पडलं आसतं, तर फोन मलाच आला आसता. अर्ध्या वाटंतनं मागारी यायला लागलं आसतं. हातपाय मोडून पडला आसता, तर जल्मभर उशाला बसायला लागलं आसतं. म्हणून बांधली तार."

तिनं पिशवी काखेत मारली.

"आता तुमाला काय बी व्हत न्हाय," ती म्हणाली. "मला बोलवायला कारण ऱ्हायलं न्हाय."

ती नंदीशच्या मागं बसली, पिशवी मांडीवर घेतली. मोटारसायकल आवाराबाहेर पडली, तेव्हा मागून बलभीमनं काहीतरी मोठ्यानं म्हटलं. इंजिनाच्या आवाजात ते कुणालाच नीट ऐकू आलं नाही.

फाट्यावर एसटी उभी होती, कंडक्टर दार लावतच होता. "थांबा, थांबा," नंदीश ओरडला. कडूबाई चढली, खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी सुटली. त्यांचं घर हायवेला लागूनच होतं, मिनिटभरात खिडकीतून मागं जाताना दिसलं असतं. तिनं तिकडं बघितलं नाही. तार चार वेढ्यांची होती आणि चांगली पिळली होती.